मोबाइललाही पाणीपाळी हवी



दिवेलागणीची वेळ डोळ्यांसमोर आणा. धारा काढून झाल्या आहेत, गुरांना वैरण टाकली आहे, चुलीवर आमटीला उकळी फुटली आहे. पूर्वी ही वेळ घरातल्या बोलण्याची असे. कुणाच्या रानात पाणी चालू आहे, कांद्याला काय दर निघाला, शाळेत आज काय झाले, हे सगळे याच वेळी निघायचे. आता काय दिसते? ओसरीवर धनी मोबाइल घेऊन, सोप्यात पोरगा मोबाइल घेऊन, स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्याला टेकवून ठेवलेला तिसरा मोबाइल, आणि म्हातारी आई कोपऱ्यात बसून एकेकाच्या तोंडाकडे बघते आहे. घरात माणसे पाच, पण बोलणे शून्य. तुमच्या घरी असे होत नसेल तर फारच उत्तम. होत असेल, तर पुढचे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

आधीच सांगतो, मोबाइलला शिव्या घालण्यासाठी हा लेख नाही. २०१६ सालच्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की वाड्या-वस्त्यांवरच्या माणसालाही ते परवडू लागले. त्याचे फायदे आपण सगळेच घेतो. बाजार समितीतला दर घरबसल्या कळतो. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीची नोंद आपली आपल्याला मोबाइलवर करता येऊ लागली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याचा धोका आधी कळवते, आणि त्यापायी एखादा जीव वाचत असेल तर त्याचे मोल कशात करणार? पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या लेकाचे तोंड आईला रोज दिसते. हे सारे आपल्याला हवेच आहे.

मग बिघडते कुठे? बिघडते ते प्रमाणात आणि वेळेत.

पाणी चांगले, पण किती?

शेतकऱ्याला ही गोष्ट दुसऱ्या कुणी शिकवायला नको. कृष्णा-वारणाकाठच्या माणसांना विचारा. वाळवा, मिरज, शिरोळ या भागांत पाणी आले, ऊस आला, पैसा आला. पाणी मिळते म्हणून उसाला पाट सोडून दिले. निचऱ्याकडे लक्ष राहिले नाही. हळूहळू खालचे क्षार वर आले, रानावर पांढरी खपली धरली, आणि सोन्यासारख्या काळ्या जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या. ज्या पाण्याने जमीन पिकवली, त्याच पाण्याने ती नासवली. अति तेथे माती ही म्हण तिथे शब्दशः खरी झाली.

यावर कुणी ‘कालवा बुजवा’ असे म्हटले नाही. शहाण्यांनी काय केले? चर काढले, जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून निचरा केला, पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. पाटाचे पाणी कुणाला कधी आणि किती वेळ, याची पाळी ठरलेली असते. पाळी संपली की दार बंद करावेच लागते. मोबाइलच्या बाबतीत आपण नेमके हेच करायला विसरलो. चोवीस तास दार उघडे, आणि मग डोके चोपण झाले म्हणून तक्रार!

हात का सुटत नाही?

तुम्ही म्हणाल, “मनावर घेतले की झाले, त्यात काय एवढे?” पण तसे ते सोपे नाही, आणि त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे.

व्हिडिओ पाहायचे, मेसेज करायचे त्याला आपण वेगळा पैसा देत नाही. मग या कंपन्या चालतात कशावर? मुख्यतः जाहिरातींवर. तुम्ही जितका वेळ पडद्यापुढे बसाल तितक्या जाहिराती जास्त दिसतील आणि तितकी त्यांची कमाई जास्त. म्हणजे तिथे विकला जातो तो आपला वेळ. म्हणून माणूस उठू नये, अशीच सगळी रचना केलेली असते.

एक उदाहरण पाहा. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते, बैलगाडीची वाटसुद्धा कुठेतरी संपते. पण मोबाइलवर बोट वर सरकवत राहा, पुढचे काही ना काही येतच राहते. ही न संपणारी पट्टी २००६ साली अझा रस्किन नावाच्या अमेरिकन माणसाने तयार केली. लोकांची सोय व्हावी हा त्याचा हेतू होता. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. वस्तू घडवणाराच जेथे खंत करतो, तेथे आपल्या चौदा वर्षांच्या पोराला ‘तुला मनावर ताबा नाही’ म्हणून कान पिळण्यात काय अर्थ आहे?

दुसरी गोष्ट. गेल्या शतकात बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. पेटीतल्या चकतीवर चोच मारली की दाणा मिळायचा. दर वेळी दाणा मिळणार असेल तर कबुतर पोटापुरते खाऊन गप्प बसे. पण कधी मिळेल, कधी मिळणार नाही, असे ठेवले की ते चोच मारणे थांबवीतच नसे. मटक्याच्या आकड्याचे वेड असेच असते. मोबाइलही तसाच. दहा व्हिडिओ फालतू निघतात, अकरावा झकास निघतो. त्या अकराव्यासाठी आपण पुढचे वीस पाहतो. दाण्याच्या आशेने चोच मारणे चालूच!

म्हणून लक्षात घ्या, ही लढाई एकट्याच्या मनोनिग्रहाची नाही. ओढ्याला पूर आल्यावर एकट्याने छाती पुढे करून उभे राहण्यात शहाणपण नसते. बांध घालायचा तर चार जणांनी मिळून घालायचा असतो.

एका गावाने बांध घातला

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती साधारण तीन हजारांची, बहुतेक लोक शेती करणारे आणि साखर कारखान्यात कामाला जाणारे. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून गेला नाही. मुलांचे वाचण्या-लिहिण्यात लक्ष लागेना, हे गुरुजनांच्या ध्यानी आले.

२०२२ साली, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने बैठकीत ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मग चालू करायला मोकळे. या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे.

हे सहज घडले असे मात्र समजू नका. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी वार्ताहरांना सांगितले होते की पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा पुरुष मंडळींनी थट्टाच केली. मग ग्रामपंचायतीने गावातल्या महिलांना एकत्र बोलावले. आमच्याकडून मालिका फार बघितल्या जातात, असे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले आणि काही वेळ सगळ्या गावानेच हे बंद ठेवावे, असे मान्य केले. त्यानंतर भोंगा बसला. सुरुवातीला भोंगा वाजल्यावर पंचायतीचे कर्मचारी आणि गावकरी घरोघरी फिरून “बंद करा” म्हणून सांगत असत.

या गोष्टीतून तीन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला, त्यांनी मोबाइल हिसकावून घेतला नाही, फक्त दीड तासाची पाळी ठरवली. दुसरा, नियम एकट्या पोरांना नव्हता. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकच. तिसरा, शेजारी बंद करतो म्हणून मलाही बंद करणे सोपे जाते. एकाच घराने टीव्ही बंद केला तर पोर उठून शेजारी जाऊन बसेल. सगळी आळीच बंद झाली तर बिचारे जाणार कुठे?

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला. गावागावाची गरज वेगळी असते. पण ज्या घरात बाप जेवताना मोबाइल बघतो, त्या घरात नुसत्या पोरांवर बंदी कितपत टिकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. वळणाचे पाणी वळणावर जाते.

आधी हिशेब मांडा

दुधाचा, खताचा, मजुरीचा हिशेब आपण वहीत मांडतो. तसा एक आठवडा मोबाइलचा मांडून पाहा. बहुतेक मोबाइलमध्ये सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाची जागा असते. दिवसभरात किती तास आणि कोणत्या ॲपवर गेले, हे तिथे दिसते. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर तो क्षणात काढून देईल.

समजा, कामाव्यतिरिक्त रोज दोन तास गेले. वर्षाचे झाले ७३० तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर एक्याण्णव दिवसांची मजुरी! तीन महिने रोज कामावर जावे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यावे, तसे हे झाले. हा आकडा घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. कुणाला बोल लावू नका. आकडा आपले काम करतो.

घरातली पाळी कशी लावाल?

एक जागा ठरवा. उंबऱ्याजवळचा कोनाडा म्हणा, फळी म्हणा. जेवताना आणि झोपताना सगळ्यांचे मोबाइल तिथे. आलेला फोन ऐकू येईल एवढा आवाज राहू द्या. चार्जिंगही तिथेच करा, उशाशी नको. पहाटे उठायला गजर हवा असेल तर एक साधे गजराचे घड्याळ आणा. रात्री दारे धरून आल्यावर ‘पाच मिनिटे बघतो’ म्हणून हाती घेतलेला मोबाइल तासाभराची झोप खातो, आणि झोप खाल्ली की दुसऱ्या दिवसाचे काम खातो.

खणखणाट बंद करा. वीस गटांचे सुप्रभात आणि लग्नाच्या पत्रिका दर पाच मिनिटांनी वाजत असतील तर कोणत्याच कामात मन राहणार नाही. घरच्यांचे फोन चालू ठेवा, गटांचा आवाज बंद करा. पावसाळ्यात विजेची सूचना देणारे ॲप मात्र चालूच असू द्या. जीवाशी गाठ असलेली सूचना वेगळी आणि करमणुकीची हाळी वेगळी, एवढा फरक केला तरी अर्धे काम झाले.

कामाची माहिती ठरल्या वेळी पाहा. भारतीय हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो त्या दिवशी नीट वाचा आणि फवारणी, पेरणी, काढणीचे ठरवा. बाजारभाव लिलाव झाल्यावर एकदा पाहा. दर तासाला पाहून भाव वाढत नाही. खात्रीचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत उत्तर मिळते आणि साधा मोबाइलही चालतो. यूट्यूबवर कुणीही उठून ‘एकरी शंभर टन’ म्हणतो. त्याची जमीन वेगळी, पाणी वेगळे, आणि कधी कधी औषध विकायचे दुकानही त्याचेच असते.

यंत्रापाशी मोबाइल नको. मळणी यंत्रात घास घालताना, कडबाकुट्टीवर, ट्रॅक्टर चालवताना, उसाची भरलेली गाडी नेताना, विहिरीच्या काठावर, मोटारसायकलवर. या जागी एका क्षणाची नजर हटली तर हात जातो, पाय जातो. मजुरांनाही हे प्रेमाने पण ठामपणे सांगा.

आलेला प्रत्येक निरोप खरा नसतो

वेळ जातो तेवढेच नुकसान असते तर एक वेळ चालले असते. पण घाईने पुढे ढकललेल्या एका खोट्या निरोपाने माणसांचे जीव गेले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून गावोगावी पसरली होती. त्या पाच जणांचा काही अपराध नव्हता. तो निरोप पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना वाटले असेल, ‘मी तर गाव सावध करतो आहे.’ त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. पण खरी मर्यादा आपल्या अंगठ्यावर हवी. निरोप कुणी पाठवला, त्याने पाहिले की ऐकले, तारीख कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. शंका असेल तर पोलीस पाटलांना विचारा.

तसेच पैशांचे. पीएम किसानचा हप्ता, विम्याची रक्कम, लग्नाचे आमंत्रण अशा नावाने एखादी एपीके फाइल येते. ती उघडली की मोबाइल चोराच्या हाती जातो आणि बँकेतली उसाच्या बिलाची रक्कम पाहता पाहता नाहीशी होते. अशी फाइल उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

घरातला तरुण मुलगा रात्री उशिरापर्यंत पैसे लावून खेळत असेल तर डोळेझाक करू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. तरी चोरवाटा निघतातच. मारझोड करून हे सुटत नाही. त्याला जवळ घेऊन कर्ज किती झाले ते आधी विचारा. मन फारच बिघडले असेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करता येतो.

लहानग्यांच्या हाती काय द्याल?

मूल रडले की मोबाइल, जेवेना की मोबाइल, ही सवय आपणच लावतो. आईला एका हाताने भाकरी थापायची असते, दुसऱ्या हाताने मूल सांभाळायचे असते, तिची अडचण खरी आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. हे एकट्या आईला जमणारे नाही. स्वयंपाकाच्या वेळी तेवढा अर्धा तास बाळ आजोबांनी किंवा बापाने घ्यायला हवे.

आणि पुरुष मंडळींनो, आणखी एक. पाळी ठरवताना ती सगळ्यांसाठी ठरवा. बऱ्याच घरांत चांगला मोबाइल धन्याकडे, दुसरा मुलाकडे, आणि मुलीला अभ्यासासाठी उरलेला फुटक्या काचेचा. दिवसभर राबून रात्री भांडी झाल्यावर बाईला जो अर्धा तास मिळतो, तेवढीच तिची करमणूक. नियमाच्या नावाखाली पहिली कात्री त्यावरच चालू नये. पाटाच्या शेवटी असलेल्या रानालाही पाण्याचा हक्क असतो. मुलीच्या अभ्यासाची वेळ आधी लावा, मग बाकीच्यांच्या गमतीची.

रिकामी झालेली वेळ भरा

नुसते बंद केले तर घरात सुतकासारखी शांतता होईल आणि आठ दिवसांत नियम मोडेल. तण काढले तर तिथे काही पेरावे लागते. त्या तासात धाकट्यांचे पाढे म्हणून घ्या. आजीला जुन्या दुष्काळाच्या, पहिल्या विहिरीच्या गोष्टी सांगायला लावा. उद्याच्या कामाची वाटणी करा. सातबारा, पीक कर्ज, विमा यांचे कागद एकदा मुलांना दाखवून समजावून सांगा, पुढे त्यांनाच बघायचे आहे. देवळात भजन असेल तर जा. ग्रंथालय असेल तर एक पुस्तक आणा आणि एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे.

पहिले तीन-चार दिवस हात आपोआप कोनाड्याकडे जाईल, चिडचिड होईल. पोर रुसेल. पाहुणे येतील, नियम मोडेल. मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. एक पाळी चुकली म्हणून कुणी रान पडीक टाकत नाही.

तेव्हा या सोमवारपासून आठ दिवस एवढेच करून पाहा. संध्याकाळी सात ते आठ, एक तास, घरातले सगळे मोबाइल कोनाड्यात, आणि पहिला मोबाइल घरातल्या कर्त्या माणसाने ठेवायचा. आठ दिवसांनी वही काढून पुन्हा हिशेब मांडा. फरक वाटला तर शेजारच्या दोन घरांना सांगा. आळीने मनावर घेतले तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा आणि मांडताना गावातल्या महिलांना आधी बोलू द्या. वडगावात भोंगा बसला तो त्यांच्या होकारानंतर.